मेजरसाहेब किती थांबले

मेजरसाहेब गेले त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या वस्तीतल्या वाचनालयाला त्यांचं नाव द्यायचं ठरलं आणि त्यांची माहिती लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी सिंदीच्या शाळेत मराठी शिकवते. नालवाडीहून रोजचं जाणं-येणं. त्यामुळे वस्तीत कुणाला अर्ज, निमंत्रण, श्रद्धांजली, काहीही लिहून हवं असलं की मंडळी आमच्या फाटकाशी येऊन उभी राहतात. या वेळी वाचनालयाचे सचिव स्वतः आले होते. बँकेतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट, काखेत प्लास्टिकची फाईल.

"मॅडम, नव्या इमारतीच्या उद्घाटनाले पुस्तिका काढून राह्यलो, चार पानं पाह्यजे," ते म्हणाले. "जन्म, शिक्षण, फौज, समाजकार्य. लढाईचं जरा जास्त लिहाल. तुमचे बाबा तर त्याईच्यासंगच होते ना तिकडं."

होते. एवढं वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यापुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं, मलासुद्धा.

माझे बाबा तरुणपणी फौजेत वायरलेसवर होते. लढाईनंतर काही वर्षांनी ते परत आले आणि घरच्या शेतात भाजीपाला लावू लागले. मेथी, पालक, वांगी, फुलकोबी. सकाळी तोडायची, जुड्या बांधायच्या आणि वर्ध्याच्या बाजारात नेऊन द्यायची. आता ते ऐंशीच्या घरात आहेत. शेत माझा भाऊ पाहतो, पण जुड्या अजून बाबाच बांधतात. दुसऱ्यानं बांधलेली जुडी त्यांना ढिली वाटते.

मेजरसाहेब सेलू तालुक्यातल्या एका शेतकरी घरातले. लढाईत ते कॅप्टन होते आणि नदीकाठच्या एका चौकीवर बाबांची नेमणूक त्यांच्या हाताखाली झाली होती. निवृत्तीनंतर त्यांनी नालवाडीत घर बांधलं, आमच्या शेतापासून चार गल्ल्या पलीकडे. पोलीस भरतीला जाणाऱ्या मुलींना ते मैदानावर पळवायचे, त्यांचे फॉर्म भरून द्यायचे. वाचनालय सुरू झालं ते त्यांच्याच ओसरीवर, दोन लोखंडी रॅक आणि एक सतरंजी एवढ्यावर. त्यामुळे त्यांचं नाव द्यायचं म्हटल्यावर कुणी नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

बाबा आठवड्यातून दोनदा त्यांच्या फाटकावर भाजी द्यायचे. लहानपणी मी कधीकधी सोबत जायची. मला वाटायचं, आता हे दोघं बसतील आणि लढाईच्या गोष्टी करतील. तसं कधीच झालं नाही.

"रामराम साहेब."

"रामराम. यंदा विहिरीले पानी कसं आहे?"

"आहे."

बस. मेजरसाहेब भाजी घेऊन आत जायचे आणि बाबा सायकल वळवायचे. वर्षानुवर्षं एवढंच.

मी माहिती गोळा करायला लागले आणि पंधरा दिवसांतच वाचनालयाच्या समितीची एक जादा बैठक बोलावण्यात आली. बोलावली ती समितीतल्या प्राध्यापकांनी. ते कॉलेजात इतिहास शिकवायचे, मूळचे पुण्याकडचे, पण वर्ध्यात राहून त्यांचे केस पिकलेले. त्यांच्या हातात एक इंग्रजी पुस्तक होतं. त्याच लढाईत होते अशा एका निवृत्त अधिकाऱ्यानं लिहिलेलं. पुस्तकात आमच्या मेजरसाहेबांचं नाव नव्हतं, पण हुद्दा, चौकी, नदीचा काठ, सगळं जुळत होतं. प्राध्यापकांनी दीड पान सावकाश मराठी करून वाचून दाखवलं.

त्यात असं होतं की चौकी कोणत्याही परिस्थितीत सोडू नये असा हुकूम सकाळी वायरलेसवरून गेला होता. तरी कॅप्टननं धुक्याचा फायदा घेऊन माणसं मागे घेतली. टेहळणीला पुढे गेलेले दोन जवान मागेच राहिले. त्यांच्यासाठी तो थांबलासुद्धा नाही. बाजू उघडी पडल्यामुळे शेजारच्या चौकीवर मारा आला. लेखक त्या शेजारच्या चौकीवर होता आणि त्याची माणसं जखमी झाली. पुढे चौकशी झाली, पण वायरलेसवाल्यानं सेट बिघडला होता, हुकूम पोचलाच नाही अशी साक्ष दिली आणि कॅप्टन सुटला.

वायरलेसवाला हा शब्द आला तेव्हा सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे पाहत राहिले.

"मेलेल्या मानसावर कोनीबी चिखल फेकते," सचिव म्हणाले. त्यांच्या मुलीला मेजरसाहेबांनीच मैदानावर तयार केलं होतं, ती आज पोलिसात आहे.

"चिखल आहे की नाही, तेच पाहायचं आहे," प्राध्यापक शांतपणे म्हणाले. "मीही त्यांचा मान ठेवत होतो. पण दगडावर नाव कोरायच्या आधी विचारून घ्यावं. कोरल्यावर विचारण्यात अर्थ नाही."

"कोनाले विचारता? ते तर गेले."

शेवटी मीच म्हणाले, "मी बाबांना विचारते."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी शेतावर गेले. बाबा विहिरीजवळच्या बाभळीखाली पोतं अंथरून बसले होते, पुढ्यात पालकाचा ढीग. मी पुस्तकात काय आहे ते सांगितलं. जुडी बांधता बांधता ते ऐकत होते. सुतळीचा फेर मध्येच थांबला नाही.

"लिहिनारा कोन?"

"त्यांच्या उजवीकडच्या चौकीवर होता म्हणे."

"हाव. होता. त्याचा राग बराबर आहे," बाबा म्हणाले आणि पुढची जुडी घेतली.

मी वाट पाहिली. ते आणखी काही बोलले नाहीत. रात्री जेवताना नाही, दुसऱ्या दिवशी नाही. आईनं मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं की लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या विषयावर तिनं त्यांच्या तोंडून एक अक्षर ऐकलेलं नाही. तेव्हा मीही आशा सोडावी. मी सचिवांना फोन करून थोडी मुदत मागितली.

रविवारी सकाळी बाबांनी मला स्वतःहून हाक मारली. वांगी तोडायची होती. काटेरी देठ हाताला लागू नये म्हणून ते जुना मोजा हातात घालून तोडतात. दुसरा मोजा त्यांनी मला दिला. दोन सऱ्या झाल्यावर ते बोलायला लागले, माझ्याकडे न पाहता.

"हुकूम आलता," ते म्हणाले. "सेट चांगला चालून राह्यलता. मी सोता कागदावर लिहून घेतला. जागा सोडायची नाई, असं. कागद साहेबाच्या हाती देला."

"मग?"

"त्यानं वाचला. खिशात ठेवला. मंग माह्याकडं पाह्यलं अन् आपल्या बोलीत इचारलं. तिथं आपली बोली बोलनारे आमी दोघंच होतो ना. बाकीच्याईसंग हिंदी, पन माह्यासंग कधीमधी आपली बोली. म्हने, तुहा सेट बराबर चालून राह्यला का रे?"

"तुम्ही काय म्हणालात?"

बाबांनी एक वांगं तोडून टोपल्यात टाकलं.

"मी म्हनलं, नाई सर, खरखर आहे."

मला समजायला थोडा वेळ लागला. "म्हणजे त्यांनी तुम्हाला खोटं बोलायला लावलं?"

"हेच तर मले आजलोक मालूम नाई, बाई," ते म्हणाले. बाबा मला बाई म्हणतात, शाळेत लागले तेव्हापासून नाही, जन्मापासून. "हुकूम बराबर ऐकला का, एवढंच इचारत असन. का मले सांगत असन, का बाप्पा तू नाई म्हन. मी त्याचं तोंड पाह्यलं. धुकं होतं. मले वाटलं, तो 'नाई' मांगून राह्यला. म्हनून मी 'नाई' देला."

मग त्यांनी सगळं सांगितलं. चौकीवर तीस-पस्तीस माणसं होती. पलीकडचा काठ उंच होता आणि तिथे तोफा आणून लावल्याचे आवाज पहाटेपासून येत होते. धुकं होतं तोवर आपण दिसत नव्हतो. धुकं उठलं की संपलं, हे सगळ्यांना कळत होतं. पुढच्या बांबूच्या बेटात दोघं जण टेहळणीला गेलेले. एक दूरच्या डोंगराळ मुलखातला आणि दुसरा आपल्या आष्टीचा.

"आष्टीचा?"

"हाव. त्याची आपली बोली नव्हती राह्यली फारशी, फौजेत हिंदीच बोले. पन गावाचं सांगे. साहेबानं सामान बांधाले लावलं. हवालदार म्हने, सर, वो दोनों अभी आए नहीं. साहेब उभाच. मी घड्याळ पाह्यलं. माही सवयच होती, वायरलेसवाल्याले दर गोष्टीची येळ लिहा लागते. दहा मिनिटं थांबला तो. मंग धुकं पातळ व्हाले लागलं अन् म्हने, चलो."

"कुणाला बोलवायला पाठवलं नाही?"

"नाई. पाठोला असता तर तीन जन गेले असते, का दोघं वापस आले असते, कोन सांगते? आमी चाललो. अर्ध्या घंट्यात मांगं जे सुरू झालं ते ऐकू येत होतं. आमची जागा राह्यली नाई. बाजूच्या चौकीलेबी लागलं. डोंगरातल्याचं प्रेत भेटलं नंतर. आष्टीचा भेटलाच नाई."

चौकशीत बाबांना विचारलं गेलं. ते म्हणाले, सेट बिघडला होता. कॅप्टनला विचारलं. तो म्हणाला, वायरलेसवाल्यानं सांगितलं त्यात मला भर घालायची नाही. तेवढ्यावर सुटला. पण त्याची बढती अडली. मेजरच्या पुढे तो गेला नाही आणि लवकर परत आला.

"मी खोटं बोललो म्हनून तो वाचला," बाबा म्हणाले. "अन् तो निंगाला म्हनून मी वाचलो. तू झाली, तुहा भाऊ झाला. आता सांग, मी कोनाले काय सांगू?"

मी मोजा काढला. काटा तरी लागलाच होता. मी विचारलं, समितीला हे सांगायचं का. त्यांनी थोडा विचार केला.

"समितीचा नंबर मंग. पह्यले आष्टीले जा लागते. त्याची बहीन होती, लहान. असन तर तिले पह्यले."

माझ्या शाळेतल्या एका सहकारी शिक्षिकेचं माहेर आष्टीचं. तिनं एका दिवसात फोन करून कळवलं की बाई आहेत, भाच्याजवळ राहतात आणि गावात त्यांना फौजीची बहीण म्हणूनच ओळखतात.

आम्ही एस.टी.नं गेलो, आर्वीवरून. बाबांनी धुतलेली टोपी घातली होती आणि सोबत एक पिशवीभर भाजी घेतली होती. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून. आष्टीत त्या दिवशी बाजार होता. मिरच्यांचे ढीग, दोरखंडं, विळे, बियाणाची पाकिटं. गर्दीतून वाट काढत हुतात्मा स्मारकाच्या मागच्या गल्लीत गेलो तेव्हा बाबांचा चालण्याचा वेग कमी होत होत अगदी थांबल्यासारखा झाला.

"बाबा, दमलात?"

"नाई," ते म्हणाले. "चाल."

त्या मावशी अंगणात सुपात तूर पाखडत होत्या. सत्तरीच्या पुढच्या, बारीक अंगाच्या, एका डोळ्यात फूल पडल्यासारखं पांढरं. बाबा अंगणाच्या कडेलाच उभे राहिले.

"ताई, मी तुमच्या भावासंग होतो. लढाईत."

त्यांनी सूप खाली ठेवलं. चांगल्या डोळ्यानं बाबांकडे नीट पाहिलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "साहेबाच्या पाठोपाठ तुमीबी आले म्हना. लय वर्सं लावले."

बाबा बसता बसता थांबले. "कोन्ता साहेब?"

"कोन्ता म्हंजे? तुमचा कॅप्टन. तो तर दरसाल ये ना. दिवाई झाली का येच. मांगच्या दिवाईले नाई आला. मले समजलं तो गेला."

बाबा माझ्याकडे पाहायला लागले, जणू मला हे ठाऊक असायला हवं होतं. मी मान हलवली.

मावशींनी आम्हाला पाणी दिलं आणि सांगायला सुरुवात केली. कुठेही अडखळल्या नाहीत, एखाद्या शेजारणीची गोष्ट सांगावी तसं सांगितलं. लढाई संपून वर्ष व्हायच्या आत एक उंच माणूस साध्या कपड्यांत आला. त्यांचे वडील बैलांना कडबा टाकत होते. तो उभ्यानंच म्हणाला, हुकूम थांबायचा होता, मी निघालो, तुमच्या पोरासाठी थांबलो नाही.

"असंच म्हनला? थांबलो नाई?" बाबांनी विचारलं.

"अस्संच. माही माय उठून आत गेली. बाप म्हने, पानी पेऊन जा. तो पानी पेला अन् गेला. दुसऱ्या साली दिवाई झाली का पुन्हा हजर. मायनं तोंड नाई दाखोलं. तिसऱ्या साली तिनं एकच इचारलं. म्हने, तुमी पाह्यलं का त्याले मेलेला? तो म्हने, नाई. बस, तितूनच तिनं धरलं का माहा पोरगा जित्ता आहे. गावातल्या शिलेवर फौजीची नावं कोराची होती, तर माय दगडासमोर बसली. कोरू नाई देलं. मरेलोक नाई देलं."

बाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"ताई, तो थांबला होता," ते म्हणाले. "दहा मिनिटं. मी घड्याळ पाह्यलं."

"तो सोता म्हने नाई थांबलो. तुमी म्हनता थांबला. मंग खोटं कोन?"

"मी खोटं बोललो, पन ते दुसऱ्या जागी." आणि बाबांनी त्यांना सेटची गोष्ट सांगितली, जशी मला सांगितली तशीच. कागद, खिसा, धुकं, खरखर.

मावशी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे मले नवीन आहे. त्यानं सेटचं कदी नाई सांगतलं. इतके साल आला, तुमचं नाव नाई घेतलं. हुकूम भेटलता अन् मी मोडला, इतकंच म्हने."

बाबा अंगणातल्या तुरीकडे पाहत होते आणि त्यांचा खालचा ओठ हलत होता. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मावशींनी भाच्याच्या सुनेला चहा ठेवायला सांगितलं.

"दहा मिनिटं म्हंजे किती होते हो भाऊ?" चहा आल्यावर त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं. "बांबूच्या त्या बेटातून तुमच्या चौकीपावतर याले किती लागत होते?"

बाबांनी विचार केला. "पंधरा. धुक्यात वीस."

"मंग तो बराबर म्हनत होता," त्या म्हणाल्या.

परतीच्या गाडीत बाबा रिकामी पिशवी घडी करून मांडीवर घेऊन बसले. आर्वीला गाडी थांबली, लोक उतरले-चढले, कुणीतरी संत्र्याची टोपली आमच्या पायाशी ठेवली. तेव्हा ते म्हणाले, "इतके साल भाजी देली त्याले. एक डाव बोलला असता माह्यासंग."

"तुम्हीही नाही बोललात, बाबा."

"हाव," ते म्हणाले. "मीबी नाई."

पुढच्या रविवारी समितीची बैठक झाली. बाबा पहिल्यांदाच वाचनालयाच्या त्या खोलीत खुर्चीवर बसले. एरवी ते दारातूनच परत फिरायचे. त्यांनी उभं राहून सगळं सांगितलं.

प्राध्यापकांनी आधी त्यांचे आभार मानले. मग विचारलं, "म्हणजे चौकशीत तुम्ही खोटी साक्ष दिलीत?"

"हाव."

"त्यांनी मागितली म्हणून?"

"मले वाटलं मांगतली."

"मागितली होती का?"

"मालूम नाई, सर. मी इचारलं नाई."

"वेळेची नोंदवही? तुम्ही लिहिलेली?"

"निंगताना जाळली. जाळाचीच असते. दुश्मनाच्या हाती लागू नये म्हनून."

"तर दहा मिनिटांना पुरावा तुमच्या आठवणीखेरीज काही नाही."

"नाई," बाबा म्हणाले.

सचिव उठून उभे राहिले. "तीस-पस्तीस घरं वाचली, हा पुरावा कमी आहे का? अन् भाऊ, तुमीबी कमाल केली. इतके साल चूप होते, मंग आताच बोलून काय भेटलं तुमाले?"

"काई नाई भेटलं," बाबा म्हणाले. "तुमी नाव कोराले निंगाले म्हनून बोललो."

"शेजारच्या चौकीवर जे जखमी झाले, त्यांचीही घरं होती," प्राध्यापक म्हणाले. "आणि हुकूम ज्यानं दिला त्याला काय दिसत होतं, तेही आपल्याला ठाऊक नाही. मी मेजरसाहेबांना भ्याड म्हणत नाही. एवढंच म्हणतो की आपल्याला पूर्ण कळलेलं नाही."

दोन तास बोलणं झालं. कुणी कुणावर ओरडलं नाही, हे मला आजही विशेष वाटतं. मेजरसाहेबांची मुलगी बंगलोरला असते. मी तिला आधीच फोन करून सगळं सांगितलं होतं. वडील दरवर्षी दिवाळीनंतर एक दिवस कुठे जायचे हे घरात कुणाला माहीत नव्हतं, असं ती म्हणाली. ते बँकेच्या कामाला जातात असं तिच्या आईला वाटायचं. मग तिनं सांगितलं, जे आहे ते छापा. तिचा निरोप मी बैठकीत सांगितला आणि तिथून चर्चेचा सूर जरा सैल झाला.

शेवटी असं ठरलं की वाचनालयाला कुणाचंच नाव द्यायचं नाही. ते वस्तीचं वाचनालय, वस्तीचंच राहील. उद्घाटनाच्या पुस्तिकेत मेजरसाहेबांवर माझी चार पानं न घालता तीन जणांचं सांगणं घालायचं. त्या पुस्तकातलं प्राध्यापकांनी सांगितलेलं सार, बाबांचं सांगणं आणि आष्टीच्या मावशींचं. माझ्या भाषेत नाही, त्यांच्याच भाषेत. मी फक्त लिहून घेतलं. ओसरीवर सुरू केलेलं वाचनालय, मुली, मैदान, हेही लिहिलं, कारण तेही घडलेलं होतं.

सचिव उद्घाटनाला आले पण बाबांशी बोलले नाहीत. पुढे चार-पाच महिने रस्त्यात दिसले की ते बाजू बदलायचे. बाबांना त्याचं वाईट वाटायचं, पण तक्रार नव्हती. मग एका सकाळी ते शेतावर आले, फाईल न घेता, आणि बांधावर उभे राहून म्हणाले, "भाऊ, ते दहा मिनिटं पक्के ना?" बाबा म्हणाले, "या, बसा." ते बसले. काय बोलले मला माहीत नाही. मी शाळेला निघाले होते आणि माझी गाडी चुकणार होती.

गेल्या वर्षी मावशींच्या डोळ्याचं ऑपरेशन वर्ध्याला झालं. त्यांना धर्मशाळेत राहू द्यायला बाबा तयार नव्हते, म्हणून आठ दिवस त्या आमच्याकडे राहिल्या. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून अंगणात खाटेवर बसायच्या आणि बाबा समोर जुड्या बांधायचे. रोज कुठूनतरी विषय तिथेच यायचा. मावशींचं म्हणणं होतं, अर्धा घंटा थांबला असता तर त्यांचा भाऊ आला असता. बाबांचं म्हणणं होतं, अर्धा घंटा थांबलो असतो तर हे बोलायला कुणीच उरलं नसतं. आईला वाटायचं, पाहुणीशी असं बोलू नये. पण मावशींना राग येत नव्हता, बाबांनाही नाही. भावाचं नाव घेऊन, तो कसा बसायचा, कसा हसायचा, हे विचारायला त्यांना जगात दुसरं कुणी नव्हतं आणि बाबांना ते सांगायला दुसरं कुणी नव्हतं. एकदा बाबांनी सांगितलं की तो बेटाकडे जायच्या आधी बाबांकडून मोजे मागून घेऊन गेला होता, ओले झाले म्हणून. मावशी त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर त्यांनी विचारलं, मोजे कोणत्या रंगाचे होते.

पुस्तिकेच्या प्रती संपल्या आहेत. दुसऱ्यांदा छापायच्या आधी काही दुरुस्ती आहे का, म्हणून मी परवा बाबांना त्यांचं पान वाचून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते. दहा मिनिटांपाशी त्यांनी हात वर केला.

"सात-आठबी असतीन," ते म्हणाले. "आता तसं वाटते."

"बदलू का?"

त्यांनी डोळे उघडले आणि हात खाली घेतला.

"जसं सांगतलं होतं तसं राहू दे. अन् खाली लिह्यजो, का आता मले पक्कं नाई."

मी तसं लिहिलं आणि पान छापायला दिलं.